एकाने रचावे, अनेकांनी वापरावे

विद्यादान सर्व दानांत श्रेष्ठ, असे आपण मानतो. परंतु दिलेली वस्तू घेणाऱ्यास वापरताच आली नाही, तर त्या दानाचे सार्थक कसे व्हावे? संगणकावर पाठ तयार करणाऱ्यांनी हा विचार आधीच करावा, असे आम्हांस वाटते.

आपल्या बारडोलीचेच उदाहरण घेऊ. समजा, १९२८ च्या सत्याग्रहावर कोणी मराठीत पाठ रचला. त्यात शेतसाऱ्यातील सुमारे २२ टक्के वाढ, वल्लभभाईंचे नेतृत्व आणि अखेर ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीने योग्य ठरविलेली ६.०३ टक्के वाढ, हे सारे आले. शेजारच्या गुजराती शिक्षकास तो पाठ हवा आहे. अक्षरे चित्रातच उमटविलेली असली, तर त्यास सर्व पुन्हा करावे लागेल. मजकूर वेगळा असला, तर केवळ भाषांतर करावयाचे.

म्हणून पाठाचे लहान, स्वतंत्र भाग करावेत. टक्केवारीचा भाग गणिताच्या तासासही चालेल. मजकूर युनिकोडमध्ये लिहावा. पीडीएफसोबत दुरुस्त करता येणारी मूळ फाईलही द्यावी. पुनर्वापराची परवानगी पाठावरच लिहावी. केवळ 'मोफत' लिहिल्याने ती मिळत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या एनसीईआरटीच्या मुक्त शैक्षणिक भांडाराने क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्वीकारला: कर्त्याचे नाव द्या, हवे ते बदला, बदललेलेही तसेच खुले ठेवा.

गुजरातेत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती मराठी पाठ थोडेच येतात. जे आहेत, ते तरी कुलुपात राहू नयेत, हीच आमची विनंती.