पोह्यांवरचं लिंबू आणि आईच्या वाट्याची फोड

हिवाळा लागला की रायपूरच्या शंकर नगरात फळांच्या गाड्यांचा रंग बदलतो. केळी-सफरचंदांना बाजूला सारून संत्र्यांचे ढीग पुढे येतात. 'नागपुर का संतरा' अशी हाक ऐकली की इथल्या मराठी बायकांची पावलं आपोआप थबकतात. कुणाचं माहेर नागपूरचं, कुणाचं अमरावतीचं. नागपूर इथून सुमारे ३०० किलोमीटरवर. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडचा नागपूरशी संबंध आहे आणि नागपुरात संत्र्याची रोपं औरंगाबादहून भोसले घराण्यानंच आणली असं सांगितलं जातं. म्हणजे इथली अनेक मराठी घरं आणि हे फळ, दोघंही एकाच वाटेनं आलेली!

पिशवी घरी येते. दुपारची जेवणं झाली की संत्री सोलली जातात. मुलांना दोन-दोन, बाबांना एक, आजीला बिया काढून फोडी. सोलणाऱ्या आईच्या वाट्याला उरतात त्या एक-दोन फोडी आणि हाताला लागलेला सालीचा वास. त्यानंतर ती गॅसवर चहा ठेवते. बहुतेक घरांतलं हे ओळखीचं दृश्य. पण ज्या व्यक्तीला या फळाची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तीच मागे राहते, हे आपल्या लक्षातच येत नाही.

थकवा 'कामाचा' की रक्ताचा?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. छत्तीसगडमध्ये तर हे प्रमाण सुमारे ६१ टक्के आहे. जिना चढताना दम लागणं, दुपारनंतर अंगात त्राण नसणं, केस गळणं, चिडचिड होणं ही सगळी लक्षणं आपण 'कामाचा ताण' म्हणून सोडून देतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर वैद्यकीय भाषेत तो ॲनिमिया असतो.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर पालेभाजी खातो, चणे खातो, पोहे खातो. खरं आहे. पण वनस्पतींमधलं लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. ताटात असलेल्या लोहापैकी अगदी थोडा भागच आतड्यांतून रक्तात जातो. इथेच आंबट फळांचं खरं काम सुरू होतं. त्यांच्यातलं क जीवनसत्त्व वनस्पतींमधल्या लोहाचं रूप बदलतं आणि ते शोषण्याजोगं करतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व पुरेसं असेल, तर लोहाचं शोषण साधारण दुप्पट होऊ शकतं. अट एकच, दोन्ही एकाच वेळी पोटात जायला हवेत. सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी आणि दुपारी पालेभाजी, असं केल्यानं हा फायदा मिळत नाही.

म्हणूनच पोह्यांच्या बशीत लिंबाची फोड ठेवण्याची आपली पद्धत किती शहाणपणाची आहे ते पाहा. पोह्यांत लोह, वर लिंबू. फक्त त्याबरोबर येणारा कपभर चहा घात करतो. चहा-कॉफीतले घटक लोहाला धरून ठेवतात आणि शोषू देत नाहीत. चहा सोडायची गरज नाही, तो खाण्याच्या तासभर आधी किंवा तासाभरानं घ्या. एवढा एक बदलही मोलाचा आहे.

संत्र्यात असतं तरी काय?

माणसाचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. गाय, कुत्रा, मांजर हे प्राणी करतात, आपण मात्र त्यासाठी अन्नावर अवलंबून आहोत. शिवाय ते शरीरात फारसं साठूनही राहत नाही, म्हणून रोज थोडं थोडं मिळावं लागतं. जुन्या काळी महिनोन्महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, जखमा भरत नसत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरनं १२ आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना रोज संत्री आणि लिंबू दिलं, ते काही दिवसांतच सुधारले. त्यामागचं कारण, म्हणजे क जीवनसत्त्व, विसाव्या शतकात सापडलं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवं. एका मध्यम संत्र्यातून साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम मिळतं, एका लिंबाच्या रसातून १५ ते २०. म्हणजे एक संत्रं, जेवणात एक लिंबू आणि थोडी कोथिंबीर-टोमॅटोची कोशिंबीर एवढ्यात दिवसाची गरज जवळपास भागते. महागड्या गोळ्यांची गरज बहुतेकांना नसते. संत्र्याचा हंगाम नसेल तेव्हा आवळा आणि पेरू आहेतच. या बाबतीत ते संत्र्याच्याही पुढे आहेत.

हे जीवनसत्त्व जखमा भरून येण्यासाठी, हिरड्या आणि त्वचा निरोगी राहण्यासाठीही लागतं. संत्र्यातलं पोटॅशियम रक्तदाबासाठी चांगलं असतं. फोडींवरचे पांढरे धागे आणि पातळ पापुद्रा आपण निगुतीनं काढून टाकतो, पण पचनाला मदत करणारा तंतुमय भाग त्यातच असतो. तो खाल्लेलाच बरा.

उन्हाळा आणि मुतखडा

रायपूरचा उन्हाळा म्हणजे ४४-४५ अंशांपर्यंत चढणारा पारा. घाम भरपूर आणि पाणी पिणं कमी, मग मुतखड्याचा त्रास सुरू होतो. लिंबातलं सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि खडे बनायला अडथळा करतं. त्यामुळे दिवसभरात भरपूर पाणी आणि त्यात एखाददुसरं लिंबू पिळलेलं सरबत ही चांगली सवय आहे. साखर मात्र हात राखून घाला. रक्तदाब असेल तर मीठही बेतानंच.

थोडे गैरसमज

संत्री खाल्ली की सर्दी होते, म्हणून हिवाळ्यात मुलांना ती देत नाहीत अशी घरं आजही आहेत. सर्दी विषाणूंमुळे होते, संत्र्यामुळे नाही. दुसरीकडे, क जीवनसत्त्व घेतलं की सर्दी होतच नाही, हेही खरं नाही. नियमित घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते, इतकंच अभ्यासांत दिसलं आहे.

कोमट पाण्यातलं लिंबू-मध चरबी वितळवतं, हाही असाच समज. साखरेच्या चहाऐवजी तुम्ही ते घेत असाल तर पोटात जाणारी साखर कमी होईल, पण लिंबात चरबी वितळवण्याची शक्ती नाही. आणि हो, संत्रा बर्फी कितीही प्रिय असली तरी ती फळांत मोजायची नाही!

खायचं कसं?

० रसापेक्षा अख्खं फळ चांगलं. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, त्यातली साखर पटकन रक्तात मिसळते आणि तंतू गाळणीत राहतात. मधुमेह असणाऱ्यांनी तर फळच खावं आणि प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.
० वरण, भाजी किंवा पोह्यांवर लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. उष्णतेनं क जीवनसत्त्व कमी होतं.
० लाल भाजी, मेथी, चण्याची उसळ, छत्तीसगडी शेजारणीकडून शिकलेली बोरे बासी, यातल्या कशाहीबरोबर लिंबाची फोड असू द्या.
० अळीव लिंबाच्या पाण्यात भिजवून घेता येतात. अळिवात लोह भरपूर असतं आणि लिंबू ते शोषायला मदत करतं.
० डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर ती चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चालेल.
० संत्रं घेताना फक्त रंग पाहू नका. आंबिया बहाराची सुरुवातीची फळं सालीला हिरवट असूनही गोड असू शकतात. हाताला जड लागणारं फळ निवडा. आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात येतो.

कुणी जपून खावं?

ॲसिडिटीचा त्रास असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी आंबट फळं टाळावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे प्रमाण डॉक्टरांना विचारावं. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. साध्या पाण्यानं चूळ भरावी आणि अर्धा-पाऊण तास थांबावं, नाहीतर दातांवरचं कवच झिजतं. ग्रेपफ्रूट आणि पपनस कोलेस्टेरॉलच्या व रक्तदाबाच्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतात. अशी औषधं सुरू असतील तर ही फळं खाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आणि एक महत्त्वाचं. आंबट फळं ही औषध नाहीत. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर केवळ लिंबानं ते भरून निघणार नाही. पाळीत जास्त रक्त जाणं, जंत, अन्य एखादा आजार अशी कारणंही असू शकतात. रक्ताची तपासणी साधी आणि स्वस्त आहे. सतत थकवा येत असेल तर ती करून घ्या आणि घरातल्या आई, सासूबाई, वयात आलेली मुलगी यांचीही करा. त्यांनी 'मला काही झालेलं नाही' म्हटलं तरी.

या हिवाळ्यात गाडीवरून संत्री आणाल तेव्हा ती जेवणाबरोबरच ताटात येऊ द्या. आणि सोलायचं काम या वेळी मुलांकडे किंवा बाबांकडे द्या. पहिलं अख्खं संत्रं आईच्या हातात ठेवा, चहाचं भांडं तासभर फडताळातच राहू द्या. बघा, तीही म्हणेल, 'अगं, यंदाची संत्री किती गोड आहेत!' कदाचित ती दरवर्षीच गोड असतील, तिला मात्र यंदाच कळलं असेल.