इशींचे धनुष्य

मुलांनो, तीर, कमान, निशाणा, शिकार हे शब्द तुम्हांला मराठीत नव्याने शिकावे लागणार नाहीत. ते तुमच्या उर्दूतही आहेत. फक्त एक फरक लक्षात ठेवा. मराठीत 'कमान' म्हटले, की आधी दरवाजावरची कमान डोळ्यांसमोर येते. बाण सोडण्याच्या कमानीला मराठीत धनुष्य म्हणतात. धनुष्याच्या दोरीला प्रत्यंचा म्हणतात आणि बाण ठेवण्याच्या पिशवीला भाता.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. म्हणून धनुष्य आता आपल्याला बहुधा खेळाच्या मैदानावरच दिसते. अमेरिकेत मात्र परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात धनुष्याने शिकार करता येते. तेथे काही लोक अजूनही साधे लाकडी धनुष्य घेऊन रानात जातात. त्या धनुष्याला नेम धरण्यासाठी दुर्बीण नसते, की चाक नसते. हे लोक दोन माणसांची नावे आदराने घेतात. त्यांपैकी एक उस्ताद होता आणि दुसरा त्याचा शागीर्द.

२९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ, एका कत्तलखान्याच्या आवारात, एक अनोळखी माणूस सापडला. वय पन्नाशीच्या आसपास. अंगात त्राण नव्हते आणि त्याची भाषा कोणालाच कळत नव्हती. तो 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस होता. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या लोकांनी त्याच्या जमातीला बंदुकांनी जवळजवळ संपवून टाकले होते. उरलेली चार माणसे दऱ्याखोऱ्यांत अनेक वर्षे लपून राहिली. बंदुकीचा आवाज झाला असता, तर त्यांचा पत्ता लागला असता. धनुष्य आवाज करीत नाही. त्या मुक्या हत्याराने त्यांना जगवले आणि लपवलेही.

१९०८ साली जमिनीची मोजणी करणाऱ्या काही लोकांना त्यांची झोपडी सापडली. त्या वेळी आत एक आजारी म्हातारी पडून होती. ती या माणसाची आई. मोजणीदारांनी तिला हात लावला नाही. पण धनुष्य, बाण, पांघरुणे अशा वस्तू ते आठवण म्हणून उचलून घेऊन गेले. त्यांच्या दृष्टीने ती गंमत होती. ज्यांच्या वस्तू गेल्या त्यांच्या दृष्टीने काय होती, याचा तुम्हीच विचार करा. आई लवकरच वारली आणि हा माणूस जगात एकटा उरला.

सान फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात त्याला राहायला जागा मिळाली. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याची व्यवस्था केली. याही लोकांच्या रीतीप्रमाणे त्याने स्वतःचे नाव कधीच सांगितले नाही. म्हणून सर्व जण त्याला 'इशी' म्हणू लागले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. उस्तादाचा उल्लेख आपण आदराने करतो. म्हणून यापुढे मीही 'इशी होते' असेच लिहिणार आहे. व्याकरणात शिकलेले आदरार्थी बहुवचन ते हेच.

वस्तुसंग्रहालयाला लागूनच विद्यापीठाचे रुग्णालय होते. तेथे सॅक्स्टन पोप नावाचे शल्यविशारद काम करीत. इशींवर उपचार करता करता त्यांची मैत्री झाली. इशींना धनुष्य बनवताना पाहून डॉक्टरसाहेब शागीर्द झाले. पुढे त्यांनी हे सारे लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते कळते.

इशींचे धनुष्य बेचाळीस इंच लांब असे. पण इशींजवळ फूटपट्टी नव्हती. हात आडवा पसरायचा आणि त्या पंजापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत जेवढे अंतर भरेल, तेवढे धनुष्य. म्हणजे प्रत्येकाचे धनुष्य त्याच्या अंगाच्या मापाचे! लाकूड डोंगरातल्या जुनिपर झाडाचे. ते आधी अंधाऱ्या, कोरड्या जागी वाळवायचे. मग हरणाच्या पायातील चिवट स्नायुतंतू दातांनी चावून चावून मऊ करायचे आणि ते धनुष्याच्या पाठीवर चिकटवायचे. त्यासाठी सामन माशाची कातडी उकळून सरस तयार करायचा. प्रत्यंचाही हरणाच्या स्नायुतंतूंचीच असे. बाणाच्या काड्या निखाऱ्यांवर शेकून सरळ करीत आणि मागच्या टोकाला पिसे बांधीत. पुढचे टोक ज्वालामुखीतून निघालेल्या काचेसारख्या काळ्या दगडाचे. हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाब देऊन त्याच्या कपच्या काढाव्या लागत. शहरात आल्यावर इशी फुटक्या बाटल्यांच्या काचांचीही सुंदर टोके करीत. एका टोकाला सुमारे अर्धा तास लागे. कधी बारीक कपची डोळ्यात उडाली, तर ते डोळा चोळत नसत. खालची पापणी बोटाने ओढून धरायची, मान खाली घालायची आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या डोक्यावर जोरात थाप मारायची! हा उपाय तुम्ही करून पाहू नका, डॉक्टरांकडे जा.

काम झाल्यावर इशी धनुष्याची प्रत्यंचा उतरवून ते आडवे ठेवीत. उभे ठेवले, तर धनुष्य काम करीतच राहते, त्याला घाम येतो आणि ते थकते, असे ते म्हणत.

आता शिकारीचे ऐका. बंदुकीची गोळी लांबून आदळते. बाणाचे तसे नसते. तो धारेने कापतो. म्हणून बाणाचे टोक बोथट असेल, किंवा नेम छातीऐवजी पायावर, पोटावर लागला, तर प्राणी मरत नाही. जखमी होऊन तडफडत राहतो. बकरी ईदला आपल्या घरातील वडीलधारी माणसे सुरीची धार आधी तपासतात, त्याचे कारण हेच आहे. साध्या धनुष्याने नेम खात्रीचा हवा, तर प्राण्याच्या अगदी जवळ जावे लागते. वीस-पंचवीस पावले, फार तर थोडे अधिक. प्राण्याला आपला वास येऊ नये, म्हणून वाऱ्याच्या समोरून जायचे. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी तंबाखू ओढत नसत. सकाळी अंघोळ करून, चूळ भरून, काही न खाता निघत. पोप यांना आश्चर्य वाटे, की गोल फळीवरच्या नेमबाजीत इशी बेताचेच; लांबच्या निशाण्यावर पोपच त्यांना हरवीत. पण रानात दबा धरून बसावे ते इशींनीच.

आजचे शिकारीही हा नियम मानतात, की खात्री नसेल तर प्रत्यंचा सोडायची नाही आणि हात हलवीत घरी यायचे. बाण लागला, तरी लगेच धावायचे नाही. पाठलाग केला, तर जखमी प्राणी दूर पळतो. अर्धा तास तरी थांबायचे आणि मग रक्ताचा माग काढायचा. येथे सोबती लागतो. एकाने रक्ताच्या शेवटच्या थेंबाजवळ उभे राहायचे, दुसऱ्याने पुढचा थेंब शोधायचा. अंधार पडला, पाय दुखले, तरी माग सोडायचा नाही.

१९१४ च्या उन्हाळ्यात क्रोबर, पोप आणि पोप यांचा अकरा वर्षांचा मुलगा इशींबरोबर त्यांच्या जुन्या दरीत राहायला गेले. इशी आधी तयार नव्हते. जेथे आपली सगळी माणसे गेली, तेथे परत कोण जाईल? तरी मित्रांसाठी ते गेले. लपण्याच्या जागा, शिकारीच्या वाटा त्यांनी दाखवल्या. दोन बोटे ओठांना लावून ते असा आवाज काढीत, की ससे जवळ येत.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयरोगाने वारले. पोप यांनी पुढे १९२३ मध्ये धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. आर्थर यंग या मित्राबरोबर ते संग्रहालयात ठेवण्यासाठी अस्वले मारायला गेले, नंतर सिंहांच्या शिकारीसाठी आफ्रिकेलाही गेले. मला विचाराल, तर येथे शागीर्द उस्तादाची वाट सोडून गेला. इशी मांसासाठी आणि कातड्यासाठी शिकार करीत; नावासाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मित्रांनी शवपेटीत इशींचे एक धनुष्य, काही बाण, ओकच्या फळांचे पीठ आणि तंबाखू ठेवली. पण त्याआधी रुग्णालयात त्यांच्या देहाची चिरफाड झाली होती. तसे करू नका, असे पत्र क्रोबर यांनी न्यूयॉर्कहून पाठवले होते. त्याचा उपयोग झाला नाही. इशींचा मेंदू बाजूला काढून ठेवण्यात आला आणि पुढे खुद्द क्रोबर यांनीच तो वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे पाठवला. अखेर २००० साली इशींच्या नात्यातल्या जमातींच्या लोकांनी तो परत मागून घेतला. अस्थींबरोबर तो त्यांनी इशींच्याच मुलखात पुरला. ती जागा त्यांनी कोणालाही सांगितलेली नाही.