फोनो म्हणजे नुसता आवाज वाढवणे नव्हे

जुन्या रेकॉर्डी संगणकावर उतरवायच्या म्हटले की एक सल्ला हमखास मिळतो: टर्नटेबलची वायर थेट संगणकात खोचा, आवाज बारीक आला तर सॉफ्टवेअरमध्ये वाढवा, मधे रिसीव्हरची अडगळ कशाला? यातला निम्मा भाग खरा आहे, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात आणि संगणकाच्या लाइन-इनला त्याच्या कितीतरी पट लागतात. पण कमी पडतो तो फक्त आवाज, ही समजूत साफ चुकीची आहे. खाचेत कोरलेले संगीत मुळातच बदललेले असते. खर्ज पूर्ण ताकदीने कोरला तर खाच इतकी नागमोडी होईल की शेजारच्या खाचेला भिडेल. म्हणून तो दाबून कोरतात. वरचे स्वर उलट चढवून कोरतात, म्हणजे वाजवताना ते उतरवले की त्यांच्यासोबत तबकडीची खरखरही उतरते. हे प्रमाण अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आरआयएए या संघटनेने 1954 मध्ये ठरवले आणि एलपीसाठी पुढे तेच रूढ झाले. 1,000 हर्ट्झच्या तुलनेत 20 हर्ट्झचा स्वर जवळपास दहा पट दबलेला, 20,000 हर्ट्झचा जवळपास दहा पट चढलेला. डग्ग्याचा घुमारा जिथे असतो त्या 100 हर्ट्झच्या आसपाससुद्धा घट साडेचार पटींच्या घरात जाते. रिसीव्हरच्या ‘फोनो’ इनपुटमागचे सर्किट हा हिशेब उलटा फिरवते. ते वगळून आवाज कितीही वाढवा, डग्गा हरवलेला आणि झांजा कानाला टोचणाऱ्या, हेच कायमचे नोंदले जाईल.

यावर उत्तर येते की ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये आरआयएएची वक्ररेषा आहेच. आहे, पण ती योग्य भारावर घेतलेल्या सिग्नलसाठी. कार्ट्रिजला समोर 47 किलोओम लागतात. वायर माइकच्या सॉकेटात खोचली, तर ते बहुधा काही किलोओमचेच असते. तिथे वरचे स्वर आधीच बोथट होतात, मग वक्ररेषा जुळणार कशी? शिवाय ते सॉकेट बहुतेकदा मोनो असते, म्हणजे स्टिरिओ गेलाच. आणि दबलेला खर्ज सॉफ्टवेअरने वर ओढला की विजेची गुणगुणही त्याच्यासोबत वर येते. अपवाद एकच, 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांचा. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या बहुतांशी 1954 च्या आधीच्या आहेत आणि तेव्हा कंपनीगणिक प्रमाण वेगळे होते, त्यामुळे तिथे वक्ररेषा सॉफ्टवेअरमध्ये निवडणे रास्तच. पण त्यासाठीही 47 किलोओमचा प्रीअँप लागतो आणि रुंद खाचेची वेगळी सुई लागते.

एलपीसाठी मार्ग सरळ आहे: रिसीव्हरच्या मागचे ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ संगणकाच्या लाइन-इनला जोडा. तिथला सिग्नल सुधारलेला असतो आणि बहुतेक रिसीव्हरमध्ये व्हॉल्यूम व टोनच्या बटणांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. हेडफोनच्या सॉकेटने काम भागते, पण व्हॉल्यूम जरा हलला की पातळी बिघडते. स्पीकरच्या तारा संगणकात कधीही घालू नका, इनपुट जळू शकते. जितके मोठ्याने रेकॉर्ड करू तितके चांगले, हेही खोटे. कमाल पातळीच्या 6 डेसिबल खाली राहा, कारण एकदा फाटलेला आवाज परत जुळत नाही. 16 बिटांपेक्षा जास्तीचा हट्टही अनाठायी: एलपीचा मंद ते तीव्र पल्ला साधारण 70 डेसिबलपर्यंतचा, तर 16 बिटांत 96 मावतात. मागे टेप आउट असलेला जुना रिसीव्हर घरात असेल, तर कृपया तो भंगारात देऊ नका.