दहीहंडी: वरच्या थरावरून पडताना वेग नेमका किती होतो?

२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दहीहंडीच्या थरांची उंची २० फुटांवर आणली. २०१७ मध्ये ही मर्यादा उठली, १४ वर्षांखालच्या मुलांवरची बंदी तेवढी राहिली. त्याआधी २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं ठाण्यात ४३.७९ फुटांचा विक्रम केला होता. २० फूट आणि ४० फूट यांत पडणाऱ्यासाठी फरक किती?

पाय सुटला त्या क्षणी गोविंदाचा वेग शून्य असतो. त्वरण मात्र शून्य नसतं. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो (शाळेत वर फेकलेल्या चेंडूच्या प्रश्नात मार्क इथेच जायचे). चेंडू सर्वांत वर पोचला की क्षणभर थांबतो, पण गुरुत्वाकर्षण काही सुट्टीवर जात नाही. त्वरणही शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. वेग म्हणजे आत्ता किती जोरात, त्वरण म्हणजे तो वेग किती झपाट्यानं बदलतोय. खाली पडताना दर सेकंदाला वेगात ९.८ मीटर प्रतिसेकंदाची, म्हणजे ताशी सुमारे ३५ किलोमीटरची भर पडते.

२० फुटांवरून जमिनीवर यायला १.१ सेकंद लागतो, वेग होतो ताशी ३९ किलोमीटर. ४० फुटांवरून १.६ सेकंद आणि ताशी ५६ किलोमीटर. उंची दुप्पट, वेग दीडपटही नाही. मग एवढं काय? तर ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे शरीराला सोसावा लागणारा मार दुप्पट होतो. आणि मूल हलकं म्हणून हळू पडत नाही. एवढ्या उंचीवर हवेचा अडथळा नगण्यच, त्यामुळे ३० किलोचा आणि ८० किलोचा गोविंदा जवळपास एकाच वेगानं खाली येतात.

खरी इजा होते ती थांबताना. सहा मीटर पडून शरीर डांबरी रस्त्यावर पाच सेंटीमीटरांत थांबलं, तर सरासरी मंदन गुरुत्व त्वरणाच्या १२० पट. खालच्यांनी हातांवर झेलत अर्ध्या मीटरात थांबवलं, तर १२ पट. गादी आणि हेल्मेटमधला फोम हेच करतात, थांबायला थोडी जास्त जागा देतात.

सुरक्षा दोरीचंही तसंच. ती दोन मीटर सैल असेल, तर ताणली जाईपर्यंत गोविंदानं ताशी २२ किलोमीटरचा वेग घेतलेला असतो. म्हणून थर चढत असताना दोरी धरणाऱ्याला ढील सतत आवळत राहावी लागते.