देखणा बोकड आणि काट्यावरचा बोकड

४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबरच वळू आणि बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे परदेशात मांसासाठी गोवंशाची जशी निवड-पैदास होते, तशी आपल्याकडे होत नाही. यवतमाळच्या कोरडवाहू शिवारात मटणासाठी वाढवली जाते ती शेळी, आणि तिच्या पैदाशीत आपण अजून डोळ्यांवरच विसंबून राहतो.

पहिला गैरसमज असा, की प्रदर्शनात नंबर आलेला बोकड पैदाशीलाही सर्वांत चांगला. परीक्षकाला उंची, कानांची लांबी, केसांची झळाळी दिसते. बोकडाची आई किती करडं जगवते, तो सहा महिन्यांचा असताना किती किलो होता, हे मैदानात उभं राहून कळत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर हेच घडलं. प्रदर्शनात बुटक्या, गच्च बांध्याच्या हेरफर्ड वळूंना मान मिळू लागला आणि पैदासकारांनी तसेच वळू निवडले. त्यांतल्या अनेकांच्या रक्तात खुजेपणाचा दोष लपलेला होता. असा दोष वाहणारे वळू जास्त गच्च दिसत, म्हणून तेच पसंत पडत. पुढे कळपांत खुजी वासरं जन्मू लागली, तेव्हा वंशावळी तपासून नामांकित वळू बाद करावे लागले.

आपल्या गोठ्यात हीच चूक छोट्या रूपात होते. एकट्या जन्मलेल्या करडाला आईचं सगळं दूध मिळतं, म्हणून ते जुळ्यांपेक्षा भरदार दिसतं. आपण नेमकं तेच बोकड म्हणून राखतो आणि जुळ्यातली करडं विकून टाकतो. असं पिढ्यान्‌पिढ्या केलं की जुळी देण्याचा गुण कळपातून ओसरू लागतो. जुळ्याची तुलना त्याच वयाच्या जुळ्याशीच करावी. दोन करडं विक्रीपर्यंत पोचवणाऱ्या शेळीचा मुलगा मला तरी मिरवणुकीतल्या बोकडापेक्षा मोलाचा वाटतो.

पोट सुटलेल्या बोकडाचं मटण जास्त पडतं, हाही समज खोटा. शेळीची चरबी कातडीखाली कमी आणि आतड्यांभोवती, मूत्रपिंडाभोवती जास्त साठते. ती मटणात धरली जात नाही. बाजारात नेण्याआधी चारा-पाणी देऊन फुगवलेलं पोटही काट्यावर दिसतं, पण हातात काही देत नाही. साधारण २५ किलोच्या बोकडाचं ११ ते १२ किलो मटण पडतं. अंदाज घ्यायचा तर बरगड्यांच्या मागे कण्याच्या दोन्ही बाजूंना हात दाबून मांस किती भरलंय ते पाहावं.

बाहेरची मोठी जात आणली की प्रश्न सुटला, असंही सर्रास ऐकू येतं. दक्षिण आफ्रिकेची बोअर भरघोस वाढते खरी, पण भरघोस खुराकावर. तुरीच्या कुटारावर आणि माळावरच्या चरण्यावर, वैशाखाच्या उन्हात टिकते ती आपली बेरारी: तांबूस अंगाची, पाठीवर काळी रेघ असलेली. संकराची पहिली पिढी विकायला चालेल. तिच्यातला बोकड मात्र पैदाशीला ठेवू नये, पुढची करडं एकसारखी उतरत नाहीत.

काळ्या बोकडाचं मटण चविष्ट, हा समज रंगाचा. चव वय, चारा आणि खस्सी केलं की नाही यावर ठरते. वयात आलेल्या बोकडाच्या मटणाला उग्र वास येतो. खस्सी केल्याने वाढ किंचित मंदावते, पण तो वास टळतो.

आणि घरचाच बोकड वर्षानुवर्षं चालतो, हा समज सगळ्यांत महाग पडतो. शेळी वर्षाच्या आतबाहेर वयात येते. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून बोकड स्वतःच्याच लेकींना लागतो. बाप-लेकीच्या संयोगातून झालेली करडं हलकी निपजतात, जास्त मरतात. म्हणून दर दोन वर्षांनी बोकड बदलावा आणि तो घेताना आईची वेतं, जुळी व करडांची वजनं विचारावीत. घरीही कानात बिल्ला घालून तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्याचं वजन वहीत लिहावं. त्यासाठी टांगता काटा आणि गोणपाटाची झोळी पुरते.