अणूभर जाडीची पारख

ग्राफीनची गोष्ट सहसा चिकटपट्टीपासून सुरू होते. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी ग्राफाइटचे थर चिकटपट्टीने पुन्हा पुन्हा सोलले आणि कार्बनचा अणूभर जाडीचा थर, म्हणजेच ग्राफीन, वेगळा काढला. त्यांचा शोधनिबंध २००४ साली आला, नोबेल २०१० साली मिळाले. पण सोलणे सोपे होते. शेकडो जाड कपच्यांच्या गर्दीत तो एकेरी थर हुडकणे अवघड होते.

इथे कामी आली सिलिकॉनच्या चकतीवरची ऑक्साइडची साय. ती साधारण ३०० नॅनोमीटर जाड असेल, तर प्रकाशलहरींच्या व्यतिकरणामुळे एकेरी थरही साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फिकट छटेने उठून दिसतो. हीच साय ३१५ नॅनोमीटरची असती, तर ग्राफीन समोर असूनही दिसले नसते.

डोळ्यांना दिसले तरी खात्री हवीच. ती देतो रामन परिणाम, १९२८ साली कोलकात्यात सापडलेला. लेसरचा झोत टाकला की विखुरलेल्या प्रकाशात थराच्या कंपनांची खूण उमटते. ग्राफीनमध्ये २७०० प्रति सेंटीमीटरच्या आसपासचे शिखर एकसंध आणि टोकदार असेल, तर थर एकेरी समजावा. १३५० पाशी शिखर उगवले, तर अणूंच्या जाळीत दोष आहेत. नमुन्याला धक्का न लावता एवढे कळते.

ग्राफीनमध्ये विजेचे कण विलक्षण वेगाने धावतात, पण त्याला बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनांना बंदी असलेली ऊर्जेची फट, नाही. त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर चालू होतो, पण नीट बंद होत नाही. म्हणून नजर वळली मॉलिब्डेनम डायसल्फाइडकडे. कारखान्यांत कोरडे वंगण म्हणून वापरला जाणारा हा पदार्थ एकेरी थरात वेगळाच वागतो: बँडगॅप सुमारे १.२ वरून १.८ इलेक्ट्रॉनव्होल्टवर जातो आणि थर प्रकाशही देऊ लागतो. लोझानच्या संशोधकांनी २०११ साली त्याचा ट्रान्झिस्टर केला. चालू आणि बंद स्थितींतल्या प्रवाहांचे गुणोत्तर दहा कोटींच्या घरात होते.

चिकटपट्टीवर मात्र कारखाना चालत नाही. २००९ साली टेक्ससमध्ये तांब्याच्या पत्र्यावर, सुमारे १००० अंश सेल्सिअसला, मिथेनमधून ग्राफीनचे मोठे पापुद्रे वाढवले गेले. पुढची कटकट ते उचलण्याची. वर प्लॅस्टिकचा लेप द्यायचा, खालचे तांबे विरघळवायचे, पापुद्रा नव्या चकतीवर ठेवायचा. या खटाटोपात सुरकुत्या पडतात, लेपाचे अंश उरतात. शिवाय ज्याला पृष्ठभागच सर्वस्व आहे, त्याला खालच्या ऑक्साइडचा खडबडीतपणाही सोसत नाही. म्हणून उत्तम नमुने जपानमधल्या त्सुकुबाच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या बोरॉन नायट्राइडच्या सपाट स्फटिकांवर ठेवतात. धातूची जोडणी हा आणखी एक पेच: धातू बसवताना नाजूक थर दुखावतो आणि सांध्यापाशी विजेची वाट अडते. २०२१ साली बिस्मथ वापरून हा अडथळा बराच कमी करता आला.

२०२५ साली शांघायच्या फुदान विद्यापीठाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या सुमारे ५,९०० ट्रान्झिस्टरांचा ३२ बिटी प्रोसेसर जाहीर केला. सिलिकॉनच्या एका चिपवर आज अब्जावधी ट्रान्झिस्टर बसतात, हे पाहता आकडा किरकोळच. तरी हजारो ट्रान्झिस्टर एकाच थरावर सारखे वागले, हे महत्त्वाचे. एक उत्तम नमुना शोधून त्यावर निबंध लिहिता येतो. उद्योगाला मात्र चकतीचा प्रत्येक कोपरा सारखाच लागतो, आणि तो तसा आहे हे झटपट तपासण्याची सोयही लागते. या पदार्थांचे भवितव्य वाढवणाऱ्या भट्टीइतकेच पारखणाऱ्या झोतावर ठरेल.