पॅसिव्ह व्हॉइस आणि आपला कर्मणि प्रयोग

परवां गिरगांवांतील आमच्या घरीं नातू रुसून बसला. ‘राम एट अ मँगो’ या वाक्याचा व्हॉइस ओळखावयाचा होता. त्यानें ‘पॅसिव्ह’ लिहिलें आणि गुण गेले. कारण विचारतां म्हणाला, “आजोबा, ‘रामानें आंबा खाल्ला’ हा कर्मणि प्रयोग, असें तुम्हींच सांगितलें ना?” मी निरुत्तर झालों. ‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणि’ हें समीकरण मी वर्गांतही वर्षानुवर्षें सांगत आलों होतों.

या भ्रमाचें मूळ पाहण्यासारखें आहे. संस्कृतांत ‘रामेण आम्रं खादितम्’ येथें कर्ता तृतीयेंत व कर्म प्रथमेंत. हें खरें कर्मणि. त्याच क्तप्रत्ययान्त रूपापासून मराठीचा भूतकाळ निघाला. म्हणून ‘रामानें पोळी खाल्ली’, ‘सीतेनें आंबा खाल्ला’ असें क्रियापद अद्याप कर्माचें लिंगवचन पाळतें. परंतु बोलणाराचें लक्ष खाणारावरच असतें. बहुतेक सकर्मक धातूंस भूतकाळीं दुसरें साधें रूपच नाहीं. सारांश, आपला प्रयोग म्हणजे क्रियापद कोणाशीं जुळतें याची खूण. इंग्रजी व्हॉइस म्हणजे उद्देश्याचें आसन कोणास दिलें याची.

इंग्रजीची कसोटी सोपी आहे. रामाचे जागीं सर्वनाम घालावें. ‘ही एट’ येथें ‘ही’ हें उद्देश्याचें रूप, म्हणून वाक्य ॲक्टिव्ह. ‘द मँगो वॉज ईटन बाय हिम’ येथें आंबा उद्देश्य झाला, खाणारा ‘बाय’च्या आड गेला, व क्रियापदांत ‘बी’चें रूप आणि भूत धातुसाधित आलें. ‘मया हस्यते’ या भावे प्रयोगास मात्र इंग्रजींत जोड नाहीं. कारण तेथें कर्मच नाहीं.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें, मोरो केशव दामल्यांचें १९११ सालीं. इंग्रजीच्या सहवासानें ‘रावण रामाकडून मारला गेला’ अशी रचनाही आपल्याकडे रुळली. तिला ‘नवीन कर्मणि’ म्हणतात. परंतु प्रत्येक पॅसिव्हचें भाषांतर तसें करूं नये. ‘द डोअर वॉज क्लोज्ड’ याला ‘दार बंद केलें’ एवढें पुरे.

शेवटीं नातवास विचारलें, “सकाळीं कप कोणीं फोडला?” तो पुटपुटला, “फुटला.” मीं म्हटलें, “‘द कप ब्रोक’ म्हणालास तर फोडणारा दिसत नाहीं. ‘वॉज ब्रोकन’ म्हणालास कीं कोणीतरी फोडला हें कबूल झालें.” तो हंसला, पण मला माझेंच वाक्य दुरुस्त करावें लागलें. ‘नियम चुकीचा शिकविला गेला’ असें नव्हे; तो मीं चुकीचा शिकविला.